रात्रभर सायकल चालवायचीय? मग आधी दिव्याकडे बघा

नोव्हेंबरची रात्र होती. लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इटौंजा मागे पडलं होतं आणि घड्याळात बारा वाजत आले होते. माझ्या पुढे मैत्रीण, मागे तिचा नवरा, मध्ये मी. आयुष्यातली पहिलीच रात्रभराची सायकल सफर! पहाटेपर्यंत नैमिषारण्याला पोहोचायचं, तिथे चहा घ्यायचा आणि उजाडल्यावर परत फिरायचं, असा बेत होता. जाऊन-येऊन साधारण 180 किलोमीटर.

आणि माझा दिवा गेला.

आधी तो लुकलुकला, मग पिवळसर झाला आणि बघता बघता विझला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘1000 लुमेन’ छापलेला, आठच दिवसांपूर्वी ऑनलाइन मागवलेला दिवा पन्नास मिनिटांत संपला होता. तेवढ्यात समोरून उसाने लादलेली ट्रॉली आली. तिला दिवा नव्हताच. अंधारातून अचानक एक काळी भिंत सरकत आली आणि आमच्या शेजारून निघून गेली. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

आम्ही तिथूनच माघारी फिरलो. परतीच्या वाटेवर मैत्रिणीच्या दिव्याच्या उजेडात, तिच्या मागच्या चाकावर डोळे लावून मी कशीबशी घर गाठलं. पहाटे तीन वाजता दार उघडलं ते बाबांनी. ते रागावले नाहीत. हातातली सायकल घेऊन भिंतीला टेकवली आणि एवढंच म्हणाले, “गार्डच्या डब्यामागे लाल दिवा लागल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नाही. तू कशी सोडलीस?”

बाबा रेल्वेत. बदलीमुळे आम्ही मिरजेहून लखनौला आलो त्याला आता पंधरा वर्षं झाली. आजोबाही रेल्वेतच होते, मालगाडीचे गार्ड. मिरज स्टेशनवर रात्रीच्या ड्युटीला ते सायकलनेच जायचे. पुढच्या चाकाला घासून चालणारा डायनॅमो, त्याची घरघर आणि हँडलवरचा पिवळा उजेड. आजी सांगते की ती घरघर गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की ती चहाचं आधण ठेवायची. त्या काळी दिवा नसलेल्या सायकलला पोलीस अडवायचे, दंड करायचे. मग दिव्याला पर्याय म्हणून कुणी रॉकेलची चिमणी अडकवायचं, तर कुणी सरळ उतरून सायकल हातात धरून चालायचं.

आज आपल्या सायकली महाग झाल्या, गिअरच्या झाल्या, पण दिव्याचा विचार मात्र आपण सगळ्यात शेवटी करतो. मीही तेच केलं होतं. त्या रात्रीनंतर पुढचे तीन महिने मी दिवे, बॅटऱ्या आणि बाकीचं सामान नीट समजून घेतलं. तुमच्या घरात कुणी रात्रीच्या सफरीची तयारी करत असेल, किंवा तुम्ही स्वतःच करत असाल, तर ही माहिती तुमच्यासाठी.

दोन दिवे, दोन कामं

सायकलच्या दिव्याची कामं दोन असतात. एक, आपल्याला रस्ता दिसावा. दुसरं, आपण इतरांना दिसावं. शहरात रस्त्यावरचे दिवे असतात, त्यामुळे तिथे दुसरं काम महत्त्वाचं ठरतं. छोटासा दिवाही चालून जातो. पण हायवेवर, गावाबाहेर, पुढच्या दिव्याला दोन्ही कामं करावी लागतात. एकच दिवा दोन्हीकडे पुरेल असं समजून घेतला की फसगत होते.

रस्ता किती लांबवर दिसायला हवा, याचा हिशेब सोपा आहे. ताशी 25 किलोमीटरने चालवलं तर सायकल दर सेकंदाला जवळपास 7 मीटर पुढे जाते. समोर खड्डा दिसला, तो मेंदूला कळला आणि बोटं ब्रेकवर गेली, यात दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 14 मीटर संपले. थांबायला आणखी सहा-सात मीटर लागतात. म्हणजे 20 मीटरपर्यंतचा रस्ता तर स्पष्ट दिसलाच पाहिजे, 30 दिसला तर उत्तम. उतारावर वेग 40 वर गेला की हेच अंतर दुपटीच्या आसपास जातं. म्हणून आपल्याकडच्या घाटरस्त्यांवर मैदानी भागापेक्षा जास्त ताकदीचा दिवा लागतो.

लुमेनच्या आकड्याला भुलू नका

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो उजेड पडतो कुठे, हे तो आकडा सांगत नाही. साध्या टॉर्चसारखा गोल झोत असेल, तर अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रस्त्याच्या वाट्याला उरलेलाच येतो.

म्हणून दिवा घेताना झोताचा आकार बघा. जर्मनीत सायकलच्या दिव्यांसाठी नियमच आहे की झोताला वरून काठ असला पाहिजे, मोटारीच्या लो बीमसारखा. खोक्यावर ‘एसटीव्हीझेडओ’ असं लिहिलेलं असेल तर तो दिवा या नियमाप्रमाणे बनवलेला आहे असं समजा. असा दिवा कमी लुमेनचा असूनही रस्ता जास्त दाखवतो. आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला काही क्षण काहीच दिसेनासं झालं, तर धोका त्याच्याइतकाच आपल्यालाही असतो.

अंदाज हवा असेल तर असा धरा: सपाट, डांबरी रस्त्यावर 300 ते 400 लुमेन पुरतात. खराब रस्ता किंवा घाट असेल तर 600 ते 800 लुमेनची सोय असावी, पण ती गरजेपुरतीच वापरायची. दिवा विकत घेतला की तडक सफरीला निघू नका. रात्री सोसायटीच्या मागच्या अंधाऱ्या रस्त्यावर जाऊन बघा. झोताचा सगळ्यात उजळ भाग 15 ते 20 मीटरवर पडेल असा कोन ठेवा. दिवा फार खाली वळवला तर चाकासमोर लख्ख प्रकाशाचं डबकं तयार होतं, डोळे त्यालाच सरावतात आणि पुढचा रस्ता आणखीच काळा दिसतो.

बॅटरीचा हिशेब पोळ्यांसारखा करा

माझा दिवा का विझला, हे कळायला मला पाचवीचं गणित पुरलं. चांगल्या एलईडीला साधारण 100 लुमेनमागे 1 वॅट वीज लागते. म्हणजे 1000 लुमेनला 10 वॅट. माझ्या दिव्यात एकच सेल होता, 2600 मिलिअँपिअर-अवरचा. 3.6 व्होल्टने गुणलं की हाती येतात साडेनऊ वॅट-अवर. दहा वॅटची भूक आणि साडेनऊची शिदोरी! तासाभराच्या आत संपणारच होती.

आता हाच हिशेब नीट करू. 400 लुमेनवर दिवा चालवला तर तासाला 4 वॅट-अवर. रात्री दहाला निघून साडेसहाला उजाडेपर्यंत, चहा-पाण्याचे थांबे वगळले तरी, सात-आठ तास दिवा लागतो. आठ चोक बत्तीस. म्हणजे 32 वॅट-अवरची तरतूद हवी. घरी आठ पोळ्या लागणार असतील तर आपण दहा लाटतो. तसंच इथेही थोडं जास्तच धरायचं.

ऋतूही ध्यानात घ्या. लखनौत डिसेंबरच्या अखेरीस सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावणेसातच्या पुढे उगवतो. रात्र साडेतेरा तासांची! जूनमध्ये हीच रात्र दहा-सव्वादहा तासांची असते. उन्हाळ्यात पुरलेली बॅटरी हिवाळ्यात पुरेलच असं नाही. शिवाय थंडीत बॅटरीची ताकदही थोडी कमी होते.

तरतूद करण्याचे मार्ग तीन:

पहिला, सुटे सेल. ज्या दिव्यातला सेल काढून बदलता येतो तो दिवा घ्या. दोन-तीन भरलेले सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्यांबरोबर सुटे ठेवू नका. दोन टोकांना धातू टेकला तर सेल तापून पेट घेऊ शकतो.

दुसरा, पॉवर बँक. पण 10,000 मिलिअँपिअर-अवर लिहिलेल्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण साठ ते पासष्ट टक्केच वीज हाती येते. आणि एक गोष्ट दुकानातच तपासा, दिवा चार्जिंगला लावलेला असताना चालू राहतो का? काही दिवे चार्जिंगला लावले की बंद होतात किंवा अगदी मंद होतात. असा दिवा रात्रीच्या सफरीत निरुपयोगी.

तिसरा, डायनॅमो. आजोबांचा टायरला घासणारा डायनॅमो आता पुढच्या चाकाच्या हबमध्ये जाऊन बसला आहे. 6 व्होल्ट, 3 वॅट. आवाज नाही, घासणं नाही, चार्जिंगची कटकट नाही. चांगल्या दिव्यांत थांबल्यावरही काही मिनिटं उजेड टिकेल अशी सोय असते. महाग आहे आणि चाक नव्याने बांधून घ्यावं लागतं. त्यामुळे वर्षातून एखादीच सफर करणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे असं नाही. पण वरचेवर रात्री सायकल चालवणाऱ्याला तो वर्षानुवर्षं साथ देतो.

मार्ग कोणताही घ्या, एक छोटा जादाचा दिवा सोबत असू द्याच. शक्यतो डोक्याला लावायचा. मुख्य दिवा गेला तर तो उपयोगी पडतो आणि पंक्चर काढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

मागचा लाल दिवा: हा दुसऱ्यांसाठी असतो

पुढचा दिवा बंद पडला तर आपल्याला लगेच कळतं. मागचा बंद पडला तर कळत नाही. तो आपल्याला दिसतच नाही ना! म्हणून मागे एक नाही, दोन दिवे लावा. एक सीटखालच्या नळीला, दुसरा कॅरिअरला किंवा हेल्मेटला. त्यातला निदान एक स्थिर जळणारा हवा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधून घेतो हे खरं, पण मागून येणाऱ्याला तो किती अंतरावर आहे याचा अंदाज स्थिर दिव्यामुळे नीट येतो. दिव्याचं तोंड जमिनीकडे नाही, सरळ मागे असावं. आणि सीटमागची पिशवी किंवा लोंबणारं जॅकेट त्यावर येत नाही ना, हे मागे दहा पावलं उभं राहून बघावं. दर थांब्यावर एकमेकांचे मागचे दिवे तपासायचे, हा आमच्या गटाचा आता नियमच आहे.

लखनौत या लाल दिव्याचा विषय निघाला की खुशी पांडे हे नाव आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर 2020 मधली गोष्ट. धुक्याच्या रात्री तिचे आजोबा, आईचे वडील, सायकलवरून घरी येत होते. सायकलला दिवा नव्हता. मोटारीची धडक बसली आणि ते गेले. त्यानंतर विशीतली ही मुलगी हातात फलक घेऊन लखनौच्या रस्त्यांवर उभी राहू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलवाल्यांना थांबवायचं आणि त्यांच्या सायकलीला मागे लाल दिवा फुकट बसवून द्यायचा, हा तिचा उपक्रम. 2023 च्या सुरुवातीला तिचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले. तोवर तिने हजाराहून जास्त सायकलींना दिवे बसवले होते.

तिचे व्हिडिओ मीही पूर्वी पाहिले होते, लाइक केले होते आणि पुढे सरकले होते. इटौंजाच्या त्या रात्रीनंतर ते पुन्हा पाहिले, तेव्हा त्यातल्या माणसांकडे नीट बघितलं. कामावरून सुटलेले मजूर, चौकीदार, दूधवाले. रात्री सायकल चालवणं ही आमच्यासाठी हौस आहे. त्यांच्यासाठी ती घरी जायची वाट आहे.

पायात चमकपट्टी, अंगात जॅकेट

निऑन पिवळा टी-शर्ट घातला की रात्री आपण उठून दिसतो, हा मोठा गैरसमज आहे. ते रंग दिवसा, विशेषतः ढगाळ दिवशी, छान दिसतात. रात्री लागतं ते चमकणारं कापड, जे मोटारीचा उजेड परत तिच्याच दिशेने फेकतं. असं जॅकेट दुचाकीच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतं.

पण त्याहून स्वस्त आणि जास्त कामाची वस्तू म्हणजे घोट्याला बांधायची चमकपट्टी. पेडल मारताना घोटे सतत वर-खाली होतात. अंधारात नुसता चमकणारा ठिपका दिसला तर तो मैलाचा दगड आहे की फलक, हे चालकाला कळत नाही. दोन ठिपके वर-खाली होताना दिसले की माणूस आहे हे क्षणात कळतं. गुडघे आणि घोटे यांवर पट्ट्या असलेली माणसं चालकांना लवकर ओळखू येतात, असं संशोधनातही दिसून आलं आहे. रिम आणि मडगार्डवर चमकणारी चिकटपट्टी लावायलाही विसरू नका. तिला चार्जिंग लागत नाही.

कपड्यांचं सांगायचं तर उत्तरेतली थंडी आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीहून वेगळी. एकच जाड जॅकेट घालण्याऐवजी दोन-तीन पातळ थर घाला. चढावर घाम आला की एक काढता येतो. थांबलात की लगेच अंगावर घ्या, नाहीतर ओला घाम गारठतो. जुने सायकलवाले छातीवर, शर्टाच्या आत, वर्तमानपत्राची घडी ठेवायचे. हा उपाय आजही लागू पडतो. हातमोजे आणि कान झाकणारी पातळ टोपी हवीच. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. गादी शिवलेली सायकलिंग शॉर्ट्स घेतली असेल तर तिच्या आत दुसरी अंतर्वस्त्रं घालू नका, शिवणीने कातडी सोलवटते.

पिशवीत काय काय?

दोन ट्यूब, पंक्चर काढायचं किट, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, अॅलन कीचा संच आणि चेन तुटली तर जोडायची कडी. पण या वस्तू नुसत्या बाळगून उपयोग नाही. घरी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून, दिवे मालवून, फक्त डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा. मला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, आता पंधरा लागतात. आईने तेव्हा हसत हसत विचारलं होतं, “एवढा सराव स्वयंपाकात केला असतास तर?” त्यावर बाबा म्हणाले, “तोही मीच करतोय ना!”

खाणं थोडं थोडं, तासा-तासाने. भूक लागल्यावर खायला बसलो तर उशीर झालेला असतो. केळी, शेंगदाण्याची चिक्की, आजीचे डिंकाचे लाडू आणि इथली खास गोष्ट म्हणजे लखनौची रेवडी. तीळ, साखर किंवा गूळ, खिशात मावते आणि थंडीत तोंडात टाकायला बरी वाटते. पाण्याबरोबर ओआरएसची एक-दोन पाकिटं ठेवा. थंडीत तहान जाणवत नाही, पण अंगातलं पाणी कमी होतच असतं.

नियमांची तयार यादी

इतकं सगळं लक्षात ठेवायचं कसं, असं वाटत असेल तर एक सोपी युक्ती आहे. लांब पल्ल्याच्या सायकल सफरींचे नियम वाचा. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेच्या नियमांनुसार जगभर ‘ब्रेव्हे’ नावाच्या सफरी होतात. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिक, नागपुरातही त्या नियमित होतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास अशी वेळेची मर्यादा असते. ही शर्यत नसते, वेळेत पूर्ण करणं एवढंच महत्त्वाचं. 300 च्या पुढे गेलं की बहुतेकांना रात्र गाठतेच.

म्हणून नियम काय सांगतो? पुढे-मागे दिवे सायकलला घट्ट बसवलेले हवेत. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत ते चालू हवेत. मागचा निदान एक दिवा स्थिर हवा. अंगात चमकणारं जॅकेट हवं. आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत कुणाच्या गाडीची मदत घ्यायची नाही. म्हणजे जे काही लागेल ते आपल्यापाशीच असलं पाहिजे. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी ही यादी घरगुती सफरीलाही लागू पडते.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत रात्री सायकलस्वाराच्या मागे त्याच्या मदतनिसांची गाडी असणं सक्तीचं असतं. तुमच्या-आमच्या मागे अशी गाडी नसते. आपली मागची गाडी म्हणजे तो लाल दिवा.

घरच्यांना विश्वासात घ्या

रात्रीच्या सफरीला मुलीने जायचं म्हटलं की घरात प्रश्न उभे राहतातच. ते टाळू नका, त्यांची उत्तरं तयार ठेवा. एकटीने जाऊ नका. तिघांचा गट सर्वांत चांगला. एकाला काही झालं तर एक जण त्याच्यापाशी थांबतो, दुसरा मदत आणतो. वाट आणि थांबे कागदावर लिहून घरी ठेवा. मोबाइलचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवा आणि त्यासाठीची बॅटरी दिव्याच्या बॅटरीतून कापू नका. कुठेही संकटात 112 हा क्रमांक चालतो. उत्तर प्रदेशात महिलांसाठी 1090 ही हेल्पलाइनही आहे. आमची सफर तर गोमतीनगरच्या 1090 चौकातूनच सुरू होते!

स्वच्छतागृहाचा विचार आधीच करा. रात्री उघडे असणारे मोठे पेट्रोल पंप आणि कुटुंबं थांबतात असे ढाबे नकाशावर खुणा करून ठेवा. ‘जावं लागेल’ म्हणून पाणी न पिणं ही चूक आपण बायका हमखास करतो. पाळी जवळ आली असेल तर पॅड, कागदी पिशवी आणि एक जादा शॉर्ट्स बरोबर असू द्या.

पहाटे दोन ते चार या वेळात झोप अनावर होते. डोळे मिटायला लागले, साधं गणित चुकायला लागलं, की सायकल बाजूला घ्या. उजेड असलेल्या ढाब्यावर पाठ टेकून वीस मिनिटं डोळे मिटा. चहा त्याच्याआधी प्या, म्हणजे उठेपर्यंत त्याचा अंमल सुरू झालेला असतो.

आणि शेवटचं, धुकं असेल तर जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात धुकं असं उतरतं की स्वतःचं पुढचं चाक दिसेनासं होतं. तिथे जास्त ताकदीचा दिवाही कामाचा नाही. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. वाटेत धुक्याने गाठलंच तर झोत खाली करा, मागचे दोन्ही दिवे चालू ठेवा आणि जवळच्या ढाब्यावर थांबा. सफर पुढच्या महिन्यातही करता येते.

दुसऱ्यांदा

फेब्रुवारीच्या अखेरीस, आकाश स्वच्छ असताना, आम्ही तिघं पुन्हा निघालो. निघण्यापूर्वी बाबांनी अंगणातला दिवा मालवला आणि सायकलीभोवती फिरून सगळं तपासलं. पुढचा दिवा, जादाचा दिवा, मागचे दोन, घोट्याच्या पट्ट्या. मग जुन्या सवयीने हात वर करून हिरवा बावटा दाखवल्यासारखं केलं.

या वेळी दिवा पुरला. 400 लुमेनच्या वर मी तो नेलाच नाही. सिधौलीत चहा झाला. पुढे मिश्रिखच्या रस्त्याला साडेचारच्या सुमारास एका टपरीवर थांबलो. तिथे एक म्हातारे दूधवाले चहा पीत होते. सायकलला दोन्हीकडे दुधाच्या कॅन. दिवा पुढेही नाही, मागेही नाही. मी त्यांना विचारलं, “चाचा, बत्ती नहीं है?” ते हसले. म्हणाले, चाळीस वर्षांचा रस्ता आहे बिटिया, हमें सब दिखता है.

“आपको दिखता है चाचा, पर आप नहीं दिखते.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. ते काही बोलले नाहीत. मी माझ्या दोन लाल दिव्यांतला एक काढला आणि रबरी पट्ट्याने त्यांच्या मागच्या कॅनखाली, कॅरिअरला अडकवला. मोबाइलच्या चार्जरने चार्ज होतो हे दाखवलं. त्यांनी पैसे विचारले, मी नको म्हटलं. मग त्यांनी कॅनचं झाकण उघडलं आणि टपरीवाल्याला सांगून आमच्या तिघांच्या चहात ताजं दूध घातलं. ते निघाले तेव्हा आम्ही बराच वेळ बघत राहिलो. माणूस दिसेनासा झाला, सायकल दिसेनाशी झाली, तरी तो लाल ठिपका दिसतच होता.

दुपारी घरी पोहोचले. बाबांनी सायकल घेतली, मागे वाकून बघितलं आणि म्हणाले, “एक दिवा कमी आहे.” मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना त्यांच्या पिशवीत सहा लाल दिवे होते. एक माझा. बाकीचे कुणासाठी, हे आईने विचारलं नाही. आमच्या कॉलनीत पहाटे सायकलवर पेपर टाकणारा मुलगा येतो, रात्री पाळीवर येणारा चौकीदार येतो, शेजारी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई येतात.

तुम्हीही सफरीसाठी दिवे घ्यायला जाल, तेव्हा यादीत एक लाल दिवा जास्तीचा लिहा. तुमच्या दारात अंधारात सायकलवर येणारं कुणीतरी असेलच.